आठ पट पुरे: जंगलाकाठच्या माणसानं दुर्बीण कशी निवडावी

मार्चच्या अखेरीस मोहफुलं गळायला लागली की आमच्या भागातली माणसं पहाटे पाचलाच टोपल्या घेऊन निघतात. उशीर केला की फुलं गुरं खातात, चितळं खातात. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून असलेल्या कुठल्याही गावात हेच दिसेल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, आम्ही सहा-सात जण वावराच्या धुऱ्यावर थांबलो होतो. समोर दीडशे मीटरवर मोहाचं झाड होतं आणि झाडाखाली काहीतरी काळं हलत होतं.

"का होय रे बापू ते? डुक्कर दिसते मले," मावशी म्हणाल्या.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. खिशात मावणारी, 10×25. काळा ढीग थोडा मोठा झाला, पण काळ्यात काळंच राहिलं. शेजारी गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातला (जंगली जनावर गावाजवळ आलं की वनविभागाला मदत करणाऱ्या गावकऱ्यांपैकी) एक भाऊ उभा होता. त्याच्या गळ्यात 8×42 होती. त्यानं पाहिलं आणि हात आडवा धरला. "मावशी, थांबा. डुक्कर नोहे, अस्वल आहे. तोंड फिक्कं दिसून राह्यलं."

मग त्याची दुर्बीण घेऊन मी पाहिलं. फिकट मुस्कट, मानेभोवती झिपऱ्या केस, नाक जमिनीला लावून एकेक फूल ओढत चाललेलं. आम्ही धुऱ्यावरच बसून राहिलो. अर्ध्या तासानं ते नाल्याकडे उतरलं, चांगलं उजाडलं, तेव्हा बायका झाडाखाली गेल्या.

माझ्या दुर्बिणीची पट जास्त होती, त्याच्या दुर्बिणीची कमी. तरी त्याला दिसलं आणि मला दिसलं नाही. दुर्बीण घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला आधी एवढं समजावं असं मला वाटतं, कारण दुकानात पहिला प्रश्न "किती पट?" हाच विचारला जातो आणि फसगत तिथूनच सुरू होते.

या विषयावर जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 सालचा आहे आणि त्याखाली शिकार हा गुन्हा आहे. ताडोब्यात तर शिकारीला 1935 पासूनच बंदी होती. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांबाबत आणि रोह्यांबाबत (नीलगायींबाबत) कायद्यात परवानगीची वाट आहे, पण ती वनविभागाच्या हातून, लेखी आणि अटींसह. ती परवानगी मिळेल असं धरून कोणी बंदुकीच्या तयारीनं दुर्बीण घेत असेल, तर हा लेख त्याच्यासाठी नाही. आपल्याला जनावर पाहायचं असतं ते त्याच्यापासून लांब राहण्यासाठी, पीक राखण्यासाठी, मोजणीसाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी. तरी शिकाऱ्यांनी जमवलेलं ज्ञान आपल्या उपयोगाचं आहे, कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला, झाडोऱ्याच्या कडेला, न हलता उभं असलेलं जनावर शोधायचं हे काम दोघांचं सारखंच आहे.

आता त्या दोन आकड्यांकडे येऊ. दुर्बिणीवर 8×42 लिहिलेलं असतं. पहिला आकडा पट. आठ म्हणजे 160 मीटरवरचं जनावर 20 मीटरवर उभं असल्यासारखं दिसतं. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे भिंग म्हणजे उजेड आत घ्यायची खिडकी. 25 मिमीपेक्षा 42 मिमीची खिडकी दिसायला पावणेदोन पट वाटते, पण उजेड क्षेत्रफळावर ठरतो, आणि क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट भरतं.

खरी गोम या दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. 42 ला 8 नं भागा, सव्वापाच येतात. 25 ला 10 नं भागा, अडीच. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, म्हणजे डोळ्याकडच्या काचेत उजेडाची एक गोल चकती दिसेल. त्या चकतीचा व्यास म्हणजे हा भागाकार. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. दुर्बिणीतून बाहेर पडणारा सगळा उजेड या चकतीतून डोळ्यात जातो.

पलीकडे आपली बाहुली असते. भर दुपारी ती दोन-तीन मिलिमीटरची होते, अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे दुपारी बारा वाजता माझ्या 10×25 ची अडीच मिलिमीटरची चकती डोळ्याला पुरेशी होती. दुकानात मी ती दुपारीच पाहून घेतली होती आणि तेव्हा चित्र लख्ख दिसलं होतं. पहाटे पावणेसहाला मात्र बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडी होती आणि चकती अडीचच. दार सताड उघडं ठेवून फटीतून उजेड यावा तसं झालं. भाऊच्या 8×42 मधून डोळ्यात उतरणारा उजेड साडेचार पटींच्या आसपास होता. अस्वलाचं फिकट मुस्कट तेवढ्या उजेडातच वेगळं ओळखू येतं.

जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे शिकारी उंच मचाणावर बसून अगदी अंधार पडेपर्यंत थांबतात, म्हणून त्यांच्याकडे 8×56 चालत आली आहे. सात मिलिमीटरची चकती. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावरून प्राणी मोजायला बसतात, तेव्हा चांदण्यात 7×50 किंवा 8×56 हातात असेल तर फरक नक्कीच जाणवतो. पण ती जड असते. शिवाय वयाबरोबर बाहुलीचं उघडणं कमी होत जातं. साठीच्या माणसाची बाहुली अंधारातही पाचच्या आसपासच थांबते, मग सात मिलिमीटरच्या चकतीतला कडेचा उजेड डोळ्याच्या बाहेरच सांडतो. म्हणून आबाजींसाठी घ्यायची असेल तर 8×56 चं ओझं त्यांच्या मानेवर देऊ नका, 8×42 चा पुरेपूर फायदा त्यांना होतो.

काही कंपन्या "ट्वायलाइट फॅक्टर" नावाचा आकडा पुढे करतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की तो मिळतो. 8×42 चा साधारण 18.3 येतो. आता 20×21 अशी एखादी चिमुकली दुर्बीण घ्या. तिचा आकडा 20.5, म्हणजे कागदावर ती सांजवेळेला सरस. प्रत्यक्षात तिची चकती एक मिलिमीटर, तिन्हीसांजेला तिच्यातून काहीच दिसणार नाही. या आकड्यावर विसंबून दुर्बीण घेऊ नका.

जास्त पट टाळायचं दुसरं कारण आपल्या हातात आहे. दुर्बीण जनावराला जितकी मोठी करते तितकीच हाताच्या थरथरीलाही मोठी करते. वावरातून चालत येऊन, धापा टाकत दुर्बीण लावली तर बारा पटीत रोह्याचा कान कुठे आणि शेपूट कुठे तेही ठरत नाही. दहाच्या वर हातात धरून पाहणं जवळपास कोणालाच जमत नाही, तिथे तिपाई लागते. त्यातून आपला मे महिना. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, सकाळी नऊनंतरच जमीन तापून हवा लहरायला लागते, आणि ती लहरती हवाही पटीनं मोठी होते. अशा वेळी महागातली महाग दुर्बीणसुद्धा दूरचं स्पष्ट दाखवू शकत नाही. दोष काचेचा नसतो, मधल्या हवेचा असतो.

तिसरं कारण आवाक्याचं. चांगल्या आठ पटीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण 130 मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो, दहा पटीतून बहुधा 105 ते 115. शंभर मीटरवर आणलं तर तेरा मीटर विरुद्ध अकरा. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बांबूच्या बेटातून क्षणभर दिसून गेलेलं भेकर पुन्हा पकडायचं असतं तेव्हा हे दोन मीटरच उपयोगी पडतात.

एवढं सांगूनही दहा पटीला मी वाईट म्हणणार नाही. विदर्भ काही सगळा जंगलाचा नाही. बुलढाणा, अकोला, वाशीमकडच्या मोकळ्या माळावर काळविटांचे कळप लांब असतात आणि मध्ये काही आड येत नाही, तिथे 10×42 शोभते. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतून आणि तलावांच्या काठानं सारस मोजणाऱ्यांनाही दोन पट जास्त मिळाले तर हवेच असतात. पण गाव झाडीपट्टीतलं असेल, पाहायचं अंतर पन्नास ते तीनशे मीटर असेल, वेळ पहाटेची किंवा सांजेची असेल आणि पाहणारा उभ्यानं पाहणार असेल, तर 8×42 घ्यावी. तिच्याऐवजी 8×40 मिळाली तरी बिघडत नाही. मला कोणी विचारलं तर मी दुसरी कुठली दुर्बीण सांगतच नाही.

आतल्या रचनेचे दोन प्रकार आहेत. एकीच्या नळ्या बाहेरून वाकड्या, खांद्यासारख्या फुगलेल्या दिसतात, ती पोरो प्रकारची. इग्नाझिओ पोरो नावाच्या इटालियन माणसानं 1854 साली लोलक (प्रिझम, म्हणजे काचेचे कोनदार तुकडे) वापरून उलटं चित्र सुलट करायची युक्ती काढली. दुसरीच्या नळ्या सरळ असतात, ती रूफ प्रकारची, आटोपशीर आणि पावसापाण्यात जास्त टिकणारी. रूफ लोलकात चित्र स्वच्छ यायला फेज कोटिंग नावाचा जादा थर लागतो आणि स्वस्त दुर्बिणींत तोच गाळलेला असतो. म्हणून पैसे कमी असतील तर पोरो घ्या, त्याच पैशात चित्र जास्त चांगलं मिळतं. पैसे जास्त असतील आणि दुर्बीण पावसात वापरायची असेल तर फेज कोटिंग असलेली रूफ घ्या.

काचेवरच्या थराबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा-बारा किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग असतात. बारा धरले तर आत गेलेल्या शंभरातला साठच्या आसपास उजेडच डोळ्यापर्यंत पोचतो, आणि उरलेला नळीत इकडेतिकडे फिरून चित्र पांढुरकं करतो. 1935 साली झाइस या दुर्बिणी बनवणाऱ्या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन ही गळती कमी करायची पद्धत शोधली. आज पेटीवर "फुली मल्टिकोटेड" असं लिहिलेलं पाहावं, म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थर आहेत. नुसतं "कोटेड" म्हणजे एखाद्याच काचेवर एक थर असू शकतो. पुढची भिंगं तांबडीलाल चमकत असतील तर ती दुर्बीण खाली ठेवा. तो रंग गिऱ्हाइकाला भुलवायला असतो, आणि तांबडा उजेड परत फेकला गेल्यानं आतलं चित्र हिरवट, मलूल दिसतं. पट कमीजास्त करणारी झूम दुर्बीणही नको, तिच्यात आवाका अरुंद असतो आणि दोन्ही नळ्या एका रेषेत फार काळ राहत नाहीत.

लहानपणी जत्रेतल्या एका दुकानातून मी बाबांकडे हट्ट करून "50×50" लिहिलेली दुर्बीण घेतली होती. तिच्यातून गावाबाहेरचं पाण्याचं टाकंसुद्धा धड दिसत नव्हतं, आणि बाबांचे पैसे वाया गेले याचं मला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. कित्येक वर्षांनी मी त्या दुर्बिणीची चकती पट्टीनं मोजली. पन्नास पट खरी असती तर चकती एक मिलिमीटर भरायला हवी होती. ती पाच भरली. म्हणजे दुर्बीण फार तर दहा पटीची होती. ही पट्टी तुम्हीही वापरा: पुढच्या भिंगाच्या व्यासाला चकतीच्या व्यासानं भागा, खरी पट कळते. दुकानदारासमोर दोन मिनिटांत होणारं काम आहे.

त्याच वेळी चकतीचा आकारही पाहा. ती पूर्ण गोल असावी. कडा कापल्यासारख्या, चौकोनी सावली पडलेली दिसली तर लोलकाची काच हलक्या प्रतीची आहे. मग दुकानाबाहेर या आणि समोरच्या घराच्या आढ्याची रेघ किंवा विजेची तार पाहा. दोन्ही डोळ्यांनी एकच तार दिसायला हवी. दोन दिसत असतील, किंवा एक दिसते पण मिनिटभरात कपाळ ठणकायला लागतं, तर नळ्यांची दिशा जुळलेली नाही. ती घरी दुरुस्त होत नाही. आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळी फांदी पाहा, कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितकी काच चांगली. आणि शक्य असेल तर दुकानात सांजेला जा. दुपारच्या उन्हात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात.

चष्मा असणाऱ्यांनी आय रिलीफ हा आकडा विचारावा. डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते हा आकडा सांगतो. पंधरा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यासकट पाहताना चित्राच्या कडा कापल्या जातात, सोळा-सतरा असेल तर निर्धास्त घ्यावी. डोळ्याकडचे रबरी कप चष्मेवाल्यानं खाली फिरवायचे, बिनचष्म्याच्या माणसानं वर. एवढं न सांगितल्यामुळे कितीतरी जण "मले तर काहीच दिसत नाही" म्हणून दुर्बीण परत देतात.

दुर्बीण आणल्यावर पहिलं काम दोन डोळ्यांचा मेळ. उजव्या डोळ्याच्या काचेभोवती एक छोटं कडं असतं, त्याला डायऑप्टर म्हणतात. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हातानं झाका, डाव्या डोळ्यानं लांबची एखादी पाटी पाहा आणि मधल्या चाकानं ती स्पष्ट करा. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता तीच पाटी उजव्या डोळ्यानं पाहत कडं फिरवा. झालं. यापुढे फक्त मधलं चाक. सूर्याकडे मात्र ती कधीही करू नका, एका क्षणात डोळा कायमचा जातो. घरात मूल असेल तर त्याला ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगा.

पाहायचीही एक रीत आहे. आधी उघड्या डोळ्यांनी सगळं पाहून घ्यायचं. कुठे हालचाल वाटली की नजर तिथून न काढता दुर्बीण वर डोळ्यांपाशी आणायची. खाली पाहून दुर्बीण उचलली की जागा हरवते. कोपरं बरगड्यांना टेकवा, पाठ झाडाला लावा, हातात लाठी असेल तर तिच्या टोकावर दुर्बीण टेका, थरथर निम्म्यानं कमी झाल्यासारखी वाटेल. मग झाडोरा डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा करत सावकाश पाहायचा. अख्खं जनावर शोधू नका, ते दिसत नाही. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ दिसते, ती पाठ असते. पानासारखं काहीतरी एकटंच फडफडतं, तो कान असतो. वानरानं खाकरल्यासारखा आवाज दिला किंवा चितळ ओरडलं तर ते कुठे तोंड करून ओरडतंय ते दुर्बिणीतून पाहा आणि त्या दिशेचा झाडोरा तपासा.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. दुर्बिणीतून वाघ दिसला नाही याचा अर्थ वाघ नाही असा होत नाही. गवतात बसलेला वाघ वीस पावलांवरूनही दिसत नाही, काचेला गवताच्या आरपार पाहता येत नाही. जनावर दिसलं तर दुर्बीण तुम्हाला थांबवेल. नाही दिसलं तर घोळक्यानं जाणं, आवाज करत जाणं, पुरतं उजाडल्याशिवाय न वाकणं हे सगळं तसंच पाळायचं आहे.

राहता राहिली निगा. धूळ दुपट्ट्यानं पुसू नका. धुळीत वाळूचे कण असतात, ते काचेवरचा तो महागाचा थर खरवडून काढतात. आधी फुंकणी किंवा मऊ ब्रशनं कण उडवा, मगच मऊ कापड. पावसाळ्यात वापरायची असेल तर जलरोधक, आत नायट्रोजन भरलेली घ्या, नाहीतर जुलैत काचेला आतून वाफ धरते आणि पाठोपाठ कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कातडी पिशवीत बंद करून खुंटीला टांगू नका, पिशवी ओल धरते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका.

आमच्या गावात आता समितीच्या पैशांतून दोन 8×42 घेतल्या आहेत. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे ज्या टोळ्या आधी निघतात, त्यांच्याकडे त्या जातात. एकच दुर्बीण दहा हातांत फिरली की डायऑप्टरचं कडं रोज कोणीतरी हलवून ठेवतं आणि पुढच्याला सगळं अंधुक दिसतं. यावर मावशींच्या सुनेनं नेलपॉलिश आणली. कड्यावर लाल ठिपका मावशींचा, गुलाबी तिचा स्वतःचा, पांढरा भाऊचा. धुऱ्यावर दुर्बीण हातात आली की आधी आपला ठिपका खुणेवर आणायचा आणि मग झाडाखाली पाहायचं.